दुखऱ्या हातांची वही : लांबलेल्या आजारात लिहितं राहण्यासाठी

लांबलेल्या आजारात लिहायला घेणारी बहुतेक माणसं चांगल्या दिवशी सुरुवात करतात. हात हलका असतो, हुरूप असतो, पहिल्याच संध्याकाळी चार पानं होतात. मग दुखणं उसळतं आणि वही कपाटात जाते, कारण चार पानांची सवय त्या दिवसाला झेपत नाही. म्हणून माझा पहिल्यापासून एकच आग्रह असतो: वहीचं माप सगळ्यांत वाईट दिवसावरून घ्या. ज्या सकाळी गोळीची पट्टी फोडायला दुसऱ्याचा हात लागतो, त्या दिवशी जेवढं लिहून होईल तेवढंच रोजचं लिखाण. त्याहून जास्त झालं तर उत्तम, पण ते धरून चालायचं नाही.

मी रत्नागिरी तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या गावात राहते. मला आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सुरुवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दोन ते तीन पट जास्त आढळतो. पुढची उदाहरणं याच आजारातली आहेत. दमा असेल, मधुमेह असेल, ल्युपस (हाही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार) असेल, तर रकाने बदलतील, रीत तीच राहील.

आधी सामान

वही शिवलेली घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पिना दोन पावसाळ्यांत गंजतात, स्पायरलही गंजतं आणि पानं सुटून येतात. आकार असा, की उघडी वही मांडीवरच्या उशीवर सपाट राहिली पाहिजे. जाडजूड डायरी उघडी धरून ठेवायलाच डावा हात लागतो, आणि तोही दुखरा असतो.

पेनाचा विचार थोडा जास्त करावा लागतो. जेल पेन कागदावर सहज सरकतं, बोटांना दाब द्यावा लागत नाही, पण त्याची शाई पाण्यातली असल्यामुळे दमट पानावर बहुधा फुटते. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती ओलीत टिकते, मात्र दाब जास्त लागतो. मला या दोन्हींपेक्षा मऊ पेन्सिल, म्हणजे २बी, बरी वाटते: दाब कमी, आणि पान भिजून वाळलं तरी अक्षर जागेवर. पेन असो वा पेन्सिल, पकडायची जागा जाड करून घ्या. जुन्या सुती साडीची चिंधी घट्ट गुंडाळून वर रबरबँड लावला तरी पुरतं. बारीक वस्तू चिमटीत धरायला बोटांचे सांधे जास्त वाकवावे लागतात, जाड वस्तूला ते सैल राहतात.

बसायचं खुर्चीवर, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर किंवा उशीवर टेकलेला. जमिनीवर मांडी घालून, वाकून लिहिण्याची सवय असेल तर ती मोडा. वेळ दुपारनंतरची. आमवाताच्या माणसानं सकाळी लिहायचा नेम करू नये, ती वेळ सांध्यांची असते. सकाळी फक्त घड्याळ बघायचं, ते कशासाठी ते पुढे येतंच.

पुढून आकडे

एकच वही दोन बाजूंनी सुरू करा. पुढच्या बाजूनं डॉक्टरांसाठीच्या नोंदी, वही उलटी करून मागच्या बाजूनं स्वतःसाठीचं लिखाण. दोन्ही एकत्र केलं की दोन्ही बिघडतं. डॉक्टरांना हवा तो आकडा परिच्छेदात हरवतो, आणि स्वतःचं मन लिहिताना आपण नकळत तक्रारवही लिहू लागतो.

पुढच्या बाजूला रोज एक ओळ. तिच्यात सकाळचा कडकपणा किती वेळ, वेदना, थकवा, सुजलेले सांधे, आणि त्या दिवशी केलेलं मोठं काम एका शब्दात.

कडकपणाची नोंद सगळ्यांत मोलाची आहे, आणि लोक तीच सर्वांत ढोबळ ठेवतात. ‘सकाळी अंग धरतं’ एवढ्यानं डॉक्टरांना फारसं कळत नाही. वयामुळे होणाऱ्या सांध्यांच्या झिजेत सकाळचा कडकपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवात जोरात असेल तर तो तासभर आणि त्याहूनही जास्त टिकतो. म्हणजे मिनिटांवरून दाह वाढतोय की औषधानं आवरतोय याचा अंदाज येतो. ही मिनिटं मोजायला घरातलंच एखादं काम पक्कं करा. डोळे उघडले तेव्हाची वेळ, आणि चहाचं आधण उतरवताना सांडशी नीट आवळता आली तेव्हाची वेळ. या दोहोंमधलं अंतर लिहायचं. काम दर काही दिवसांनी बदलू नका, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

वेदना ० ते १० मध्ये लिहायची पद्धत सगळीकडे आहे. पण माझा ६ आणि तुमचा ६ वेगळा, आणि माझा आजचा ६ आणि वैशाखातला ६ हासुद्धा वेगळा होऊन बसतो. यावर उपाय म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर स्वतःची पट्टी लिहून ठेवा. माझी अशी आहे: ३ म्हणजे भाकरी थापता येते. ५ म्हणजे भाकरी नाही, पण खोबरं खवता येतं. ७ म्हणजे कळशी उचलत नाही, दाराची कडी सरकत नाही. ९ म्हणजे केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जात नाही. तुमच्या घरात रोज जी कामं होतात त्यांवरून तुमची पट्टी करा. डॉक्टरांच्या प्रश्नावल्याही याच तत्त्वावर बेतलेल्या असतात: कपडे घालता येतात का, उठता-बसता येतं का, पकड कशी आहे. भारतातल्या रुग्णांसाठी त्या प्रश्नांत मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं हेही घातलं गेलं, कारण आपलं जगणं जमिनीजवळचं आहे.

थकव्याला वेगळा आकडा द्या. तो वेदनेबरोबरच वरखाली होतो असं नाही. सांधे शांत असूनही अंगातला सगळा जीव निघून गेल्यासारखं वाटण्याचे दिवस असतात. ते नोंदले नाहीत तर तुम्ही स्वतःच स्वतःला आळशी ठरवता. असं ठरवून घेतलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

सांध्यांसाठी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर दोन्ही हातांचे पंजे ठेवून पेन्सिलीनं रेघ फिरवून घ्या. प्रत्येक सांध्याला एक खूण ठरवा, म्हणजे रोजच्या ओळीत नाव लिहायला नको. पावलांचंही चित्र काढा, हे मुद्दाम सांगते. आजाराचा जोर मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी २८ सांध्यांची एक मोजणी आहे. तिच्यात खांदे, कोपर, मनगटं, बोटं आणि गुडघे येतात, घोटे आणि पावलं येत नाहीत. पावलं सुजत असतील तर ते तुम्हीच सांगायला हवं.

आता पावसाचं. ‘मळभ आलं की सांधे बोलतात’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. २०१९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अडीच हजारांहून जास्त दुखणेकऱ्यांच्या फोनवरच्या रोजच्या नोंदी हवामानाशी ताडून पाहिल्या. हवेतला दमटपणा, हवेचा दाब आणि वारा यांचा वेदनेशी संबंध दिसला, पण तो माफक होता. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळंच दमट. त्यामुळे रोजच्या ओळीत पाऊस लिहायचा असेल तर खुशाल लिहा, मात्र प्रत्येक उसळीचं खापर त्याच्यावर फोडू नका. त्याच दिवसांत लावणी असते, चिखलात वाकणं असतं, श्रावणातले उपास असतात, जागरणं असतात. ‘मोठं काम’ हा रकाना त्यासाठीच आहे.

तो रकाना दोन-तीन महिन्यांनी उलटा वाचायचा. उसळीच्या दिवसावर बोट ठेवा आणि आदल्या दोन दिवसांत काय केलं होतं ते बघा. पुष्कळांना एकच चाल सापडते: बरा दिवस आला, साचलेली सगळी कामं उरकली, आणि मग अंथरूण धरलं. कोकणातल्या घरांत याची सर्वांत मोठी जागा गणपतीच्या आधीचा आठवडा. चाकरमानी यायचे म्हणून घर धुणं, भांडी काढणं, माटवीचं (गणपतीवरच्या मांडवाचं) सामान, फराळ. नोंद हातात असली की आधीच वाटणी करता येते. उकडीच्या मोदकांसाठी उकड कोण मळणार हे आठ दिवस आधी ठरवा, आणि ज्या बाईचे हात दुखतात तिनं खुर्चीवर बसून सारण भरावं. ‘मला जमत नाही’ एवढंच म्हटलं तर घरात कुरबूर होते. ‘गेल्या वर्षी हे केलं आणि त्यानंतर इतके दिवस पडून होते’ हे वहीतून दाखवलं की माणसं ऐकतात.

गोळ्यांचं पान

हे पान वेगळं, वहीच्या अगदी मध्ये, कोपरा दुमडलेला, म्हणजे घरातल्या कुणालाही चटकन सापडेल. औषधाचं नाव, किती मिलीग्रॅम, कोणत्या वेळी, कधीपासून.

आमवातात मेथोट्रेक्सेट हे औषध सर्रास दिलं जातं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलवटतं, आणि जिवावर बेतू शकतं. तेव्हा पानावर ‘साप्ताहिक’ एवढंच न लिहिता तुमचा ठरलेला वार लिहा, मोठ्या अक्षरात, उदाहरणार्थ सोमवार. त्याच्या जोडीला देतात ती फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वारी, तिच्यापुढे तो वार. घरात कुणी मुलगा, सून, नात तुमच्या गोळ्या काढून देत असेल तर हे पान त्यांना एकदा वाचून दाखवा. जास्त गोळी गेल्याची शंका जरी आली, तरी त्रास व्हायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

याच पानावर रक्ततपासणीच्या तारखा: रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवाताचं दुसरं औषध चालू असेल तर डोळ्यांच्या तपासणीची तारीख. स्टेरॉइड चालू असेल तर ‘आपणहून एकदम बंद करायचं नाही’ ही ओळ लाल पेन्सिलीनं.

बाहेरच्या औषधांची नोंदही इथेच. दुखणं असह्य झालं म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामकं, कुणी सांगितलेला काढा, मुळी, लेप, सगळं. हे डॉक्टरांपासून लपवलं जातं, कारण ओरडा बसेल असं वाटतं. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती, आणि मेथोट्रेक्सेटचा ताणही यकृतावरच असतो. उद्या तपासणीत आकडा वाढलेला दिसला तर कारण शोधायला ही नोंद लागेल.

आणखी एक. पावसाळ्यात आपल्या भागात लेप्टो (साचलेल्या पाण्यातून, चिखलातून होणारा ताप) असतो, हिवताप असतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं ताप अंगावर काढायचा नसतो. अशा वेळी तुम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे जाल असं नाही, जवळच्या आरोग्य केंद्रात जाल. तिथे हे पान आधी दाखवा. को-ट्रायमोक्सॅझोलसारखं नेहमीचं जंतुविरोधी औषध मेथोट्रेक्सेटसोबत गेलं तर रक्तपेशी धोकादायक घटू शकतात. समोरच्या डॉक्टरांना तुमच्या गोळ्या माहीत असतील तर ते दुसरं औषध निवडतील.

मागून मन

वही उलटी करा. ही बाजू कुणाला दाखवायची नाही, आणि इथे रोजची सक्तीही नाही.

आजाराबद्दल लिहिल्यानं खरंच काही होतं का, हा प्रश्न संशोधकांनीही तपासला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात, मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला लावून त्याचे परिणाम पाहिले. पुढे १९९९ मध्ये दमा आणि आमवाताच्या रुग्णांवर अशीच चाचणी झाली. काही रुग्णांनी सलग तीन दिवस रोज २० मिनिटं आयुष्यातल्या सर्वांत ताणाच्या प्रसंगाबद्दल लिहिलं, बाकीच्यांनी साध्या विषयावर. चार महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली, दुसऱ्यात २४ टक्क्यांत. नंतरच्या अभ्यासांत हा फरक कमी दिसला, आणि सर्वांना सारखा गुण आलेला नाही. म्हणून ही बाजू औषधाच्या जोडीला ठेवायची, औषधाच्या जागी कधीही नाही.

काय लिहायचं? पहिले दिवस आजारच येईल, येऊ द्या. निदान ऐकलं तो दिवस, ‘एवढ्या लहान वयात कसा काय वात’ असं म्हणणारे शेजारी, ‘कुलदेवतेचं काही राहिलंय का’ हा प्रश्न. शिमग्यात पालखी अंगणात आली आणि ओटी भरायला हात पुढे झाला नाही, ते. जे तोंडानं सांगताना घसा दाटतो ते लिहिताना निदान वाक्याच्या शेवटापर्यंत पोचतं. व्याकरण, शुद्धलेखन काही बघू नका. बोलता तसं लिहा, गावच्या बोलीत लिहा.

पण काही आठवड्यांनी हात मुद्दाम दुसरीकडे वळवा. आजार आयुष्य व्यापतो, त्याला वहीसुद्धा सगळी देऊन टाकू नये असं मला मनापासून वाटतं. आज दर्याला उधाण कसं होतं. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, पहिली फुलं कधी दिसली. आंब्याला मोहोर किती, तुडतुडे पडले का. कोकमाची सोलं किती उन्हं खाऊन वाळली. आजीकडून ऐकलेली पाककृती, जिचं माप कुणीच लिहून ठेवलेलं नाही. पडवीत बसून दिसतं तेवढं पुष्कळ असतं, आणि जो माणूस फार हिंडू शकत नाही त्याला ते इतरांपेक्षा जास्त वेळ बघायला मिळतं. अशा नोंदींतून तुमच्या हातात तुमचा गाव राहतो.

विषय सुचत नसेल तर एक वाक्य पुरं करा: ‘आज मला जमलं ते…’ किंवा ‘आज कुणी माझ्यासाठी केलं ते…’ एवढंच.

लिहिता लिहिता तोच प्रसंग पुन्हा पुन्हा फिरू लागला, लिहून झाल्यावर हलकं वाटण्याऐवजी दिवसचे दिवस मन अधिक खाली जाऊ लागलं, तर तो विषय थांबवा. दीर्घ आजारात नैराश्य येणं अगदी नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर वहीपाशी एकटं बसू नका. घरच्यांना सांगा, आणि टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

हात चालत नाही त्या दिवशी

बोला. फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचं चिन्ह दाबलं की बोललेलं देवनागरीत उमटतं. मालवणी किंवा संगमेश्वरी हेल त्याला नीट कळत नाही, वाक्यं थोडी छापील ठेवावी लागतात. ते नको असेल तर सरळ आवाज रेकॉर्ड करा आणि बोलायच्या सुरुवातीला तारीख सांगा. रेंज नसली तरी रेकॉर्डिंग चालतं, पावसाळ्यात हे महत्त्वाचं.

तेही नको वाटलं तर पुढच्या बाजूच्या ओळीत एक फुली. फुलीचा अर्थ ‘आज लिहिता आलं नाही’. ती आळसाची खूण नाही, ती माहिती आहे. महिन्यात फुल्या किती, हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. सुटलेले दिवस मागाहून आठवून भरत बसू नका, आठवणीतला आकडा हमखास चुकतो.

दवाखान्याच्या आदल्या दिवशी

आपल्याकडे सांधेरोगाचे तज्ज्ञ गावोगाव नाहीत. कुणी आंबा घाटानं कोल्हापूर गाठतं, कुणी रात्रीच्या गाडीनं मुंबई, सिंधुदुर्गातली पुष्कळ माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. एवढा प्रवास करून आत गेल्यावर डॉक्टरांसमोर मिळतात थोडी मिनिटं. तिथे वही उघडून पानं चाळत बसू नका. आदल्या दिवशी एका सुट्या कागदावर लिहा: मागच्या भेटीनंतर कडकपणा सर्वांत कमी किती, सर्वांत जास्त किती, हल्ली बहुतेक दिवशी किती. उसळी किती आल्या. कोणती गोळी किती वेळा चुकली. बाहेरचं काय घेतलं. आणि खाली प्रश्न, फक्त तीन, महत्त्वाचा आधी. सोबत येणाऱ्या माणसाकडे हा कागद द्या, म्हणजे तुम्ही गांगरलात तरी प्रश्न राहणार नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं बाहेर आल्याबरोबर त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या, गाडीत बसेपर्यंत थांबू नका.

वही कुणी वाचायची

एकत्र घरात वही गुप्त राहत नाही. पहिल्याच आठवड्यात घरच्यांना स्पष्ट सांगा: पुढची बाजू सगळ्यांची, मागची माझी. पुढच्या बाजूची ओळ नवऱ्याला किंवा मुलीला लिहू द्या, तुम्ही आकडे सांगा. त्यातून त्यांनाही कळतं की बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचा ७ कसा असतो. मागच्या बाजूवर सासू, जाऊ, नणंद यांच्याबद्दल लिहिताना मला अडत नाही, पण ती पानं पुढेमागे दुसऱ्याला वाचायला द्यायची असतील तर त्यांची नावं आणि खाजगी गोष्टी काढून मगच द्या. आजार तुमचा आहे, तो सांगायचा हक्क तुमचा, त्यांच्या गोष्टी त्यांच्या.

पाणी, ओल, कसर

आपल्या भागात कागद जपणं हे वेगळं काम आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत घरांची कौलं-पत्रे उडाले, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. अशा दिवशी जुने केसपेपर आणि रिपोर्ट गेले की आजाराचा मागचा इतिहास जातो, आणि नव्या डॉक्टरांकडे शून्यापासून सुरुवात होते.

वही भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा, पण झाकण तुमच्या हातांना उघडेल असं बघा. भरलेल्या वह्या दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत सावलीत उघड्या करून ठेवा, पानांमधली कसर झटका, बुरशी आली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, आणि नंतर हात धुवा. दर महिन्याच्या शेवटी पुढच्या बाजूच्या पानाचा आणि गोळ्यांच्या पानाचा फोटो काढून मुंबई-पुण्याला असलेल्या जवळच्या माणसाला पाठवा. रिपोर्ट आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याला जोडता येतात, १४ अंकी आभा क्रमांक काढला असेल तर तो गोळ्यांच्या पानावर लिहून ठेवा.

आणि मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, यादी करताना, सुकी मासळी, मसाला, पापड, सरपण यांच्या खाली हेही घाला: महिनाभराच्या जास्तीच्या गोळ्या (किती ठेवायच्या ते डॉक्टरांना विचारून), फाइलसाठी झिप लागणाऱ्या दोन मोठ्या प्लॅस्टिक पिशव्या, नवी शिवलेली वही, दोन मऊ पेन्सिली, आणि घाट बंद पडला तर फोनवर सल्ला देतील त्या डॉक्टरांचा नंबर.